सनद मिळाली, गुलाबाचं फूलही मिळालं. पण तरुण वकिलांना वकील संघात जागा कधी मिळणार?

जिल्हा वकील संघाच्या फेसबुक पेजवर एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. बार रूममध्ये पंधरा-वीस नवे वकील एका रांगेत उभे आहेत. नवाकोरा काळा कोट, पांढरे बँड, हातात गुलाबाचं फूल. मधोमध अध्यक्ष आणि सचिव. वर कॅप्शन : 'नवोदित विधिज्ञांचा सत्कार समारंभ उत्साहात संपन्न.' खाली दोनशे लाइक आणि 'हार्दिक अभिनंदन'चा पाऊस.

आता प्रश्न असा, की तीन वर्षांनी याच फोटोतले किती जण त्याच कोर्टात दिसतात?

कुणी एमपीएससीच्या अभ्यासाला लागतो, कुणी बँकेच्या किंवा कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला जातो, कुणी गावी जाऊन दुसरंच काहीतरी सुरू करतो. जे टिकतात, त्यांच्यात एक गोष्ट बऱ्याचदा सारखी असते. घरून पैसे येत असतात किंवा घरातच कुणीतरी वकील असतं.

यात नवीन ते काय, असं तुम्ही म्हणाल. धंदा म्हटलं की सुरुवातीला ओढाताण आलीच. पण वकिलीचं गणित दुकानापेक्षा किंवा स्टार्टअपपेक्षा वेगळं आहे. इथे तरुणांचे हात नियमांनीच बांधलेले असतात. त्यामुळे त्यांच्या संघटनेनं त्यांना कसं सामावून घेतलं, यावर उद्या कोण वकील राहणार आणि कोण न्यायाधीश होणार, हे ठरतं.

विषय नीट समजून घेऊया.

आधी दोन नावांतला घोळ मिटवू

'बार कौन्सिल' आणि 'बार असोसिएशन' ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

बार कौन्सिल ही कायद्यानं तयार झालेली संस्था. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ या कायद्यानुसार ती चालते. आपल्याकडे 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा' आहे आणि देशपातळीवर 'बार कौन्सिल ऑफ इंडिया'. सनद देणं, गैरवर्तन केलं तर शिस्तभंगाची कारवाई करणं, ही कामं तिची. तिच्या यादीत नाव नसेल तर तुम्ही वकीलच नाही.

बार असोसिएशन, म्हणजे आपल्या भाषेत वकील संघ, ही वकिलांची स्वतःची संघटना. तालुक्याचा संघ वेगळा, जिल्ह्याचा वेगळा, उच्च न्यायालयातल्या संघटना वेगळ्या. बार रूम, बसायला टेबल, लायब्ररी, पार्किंग, अडीअडचणीला मदत हे सगळं इथून मिळतं. सभासद झाल्याशिवाय सनद मिळत नाही असं नाही. पण कोर्टाच्या आवारात रोज उभं राहायचं तर संघाशिवाय पान हलत नाही.

म्हणजे कौन्सिल तुम्हाला वकील करते आणि संघ तुम्हाला त्या कोर्टातला वकील करतो. नव्या माणसाला दोन्हीकडून जावं लागतं.

पहिला अडथळा दारातच होता

डॉ. बाबासाहेब आंबेडकर इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. पण सनद घ्यायलाच पैसे नव्हते. ते उभे करायला मदत केली त्यांचे मित्र नवल भथेना यांनी. म्हणजे परदेशातल्या पदव्या हातात असलेल्या माणसालाही कोर्टाच्या दारात मित्राची मदत घ्यावी लागली.

आता शंभर वर्षं पुढे या.

ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ मध्ये नोंदणीची फी स्पष्ट लिहिली आहे. राज्य बार कौन्सिलला ६०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये, एकूण ७५०. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १०० आणि २५, एकूण १२५ रुपये.

प्रत्यक्षात काय चालू होतं? वेगवेगळ्या राज्यांत लायब्ररी फंड, वेल्फेअर फंड, आयकार्ड, प्रोसेसिंग अशा नावांनी मिळून १५ हजारांपासून ४२ हजारांपर्यंत रक्कम घेतली जाते, असं सर्वोच्च न्यायालयासमोरच्या याचिकेत मांडलं गेलं. ३० जुलै २०२४ ला 'गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठानं निकाल दिला : कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येणार नाही. जास्त फीमुळे दुर्बल घटकांतून आलेल्यांवरचा अन्याय आणखी पक्का होतो, हेही न्यायालयानं सांगितलं. आधी घेतलेले पैसे मात्र परत करायची गरज नाही, असंही ठरलं.

कॉलेज संपवून आलेल्या, अजून एक रुपया न कमावलेल्या पोरांकडून वीस-वीस हजार घेणं, हे त्यांच्याच व्यवसायाच्या संस्थेला इतकी वर्षं खटकलं नव्हतं. ते थांबवायला सर्वोच्च न्यायालय लागलं.

सनदेनंतर ऑल इंडिया बार एक्झाम असते. तिची फी खुल्या गटासाठी ३,५०० रुपये. ती दोन वर्षांत पास व्हावी लागते, तोपर्यंतची सनद तात्पुरती.

नियम काय सांगतात? जाहिरात नको, नोकरी नको

आता मुख्य मुद्दा. वकिलीचे नियम वाचले तर तरुण वकील कसा कोंडीत सापडतो, ते लक्षात येतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतले हे तीन नियम बघा.

एक, जाहिरात करता येत नाही. नियम ३६ नुसार वकिलाला काम मिळवण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे. फोटोग्राफर, डाएटिशियन, इंटिरिअर डिझायनर इन्स्टावर पेज काढतात आणि रील्सवरून गिऱ्हाईक मिळवतात. वकिलाला ती सोय नाही. २००८ पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण अशी जुजबी माहिती टाकायला परवानगी आहे, बस्स. मग पक्षकार येणार कुठून? ओळखीतून, सीनियरकडून, बार रूममधून.

दोन, सोबत नोकरी करता येत नाही. नियम ४९ सांगतो की वकिली करणाऱ्याला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येणार नाही. कायदा शिकवण्यासारखे मोजके अपवाद आहेत. म्हणजे दिवसा कोर्ट आणि बाकी वेळ एखादी पक्की नोकरी, असा मार्गही नाही.

तीन, सीनियरनं पैसे द्यावेत असा नियम नाही. नियम ४५ म्हणतो की कायद्याचं प्रशिक्षण देण्यासाठी शिकणाऱ्याकडून फी घेणं गैर आहे. ठीक. पण तोच ज्युनिअर सकाळी बोर्ड बघतो, पुकारा होईल तिथे उभा राहून पुढची तारीख घेतो, नकलेचे अर्ज करतो, दावा-कैफियतीचे कच्चे मसुदे लिहितो. त्या कामाचे पैसे द्याच, असं नियमावली कुठेच म्हणत नाही.

तिन्ही एकत्र ठेवा. गिऱ्हाईक शोधायचं नाही, नोकरी करायची नाही आणि आहे त्या कामाचे पैसे मिळतीलच असं नाही.

जाहिरातबंदी चूक आहे, असं इथे म्हणायचं नाही. वकिली हा बाजार होऊ नये, यासाठी ती आहे आणि तिच्यामागे विचार आहे. पण ज्या व्यवसायात बाहेरचे सगळे रस्ते बंद असतात, तिथे आतला रस्ता मोकळा ठेवणं ही संघटनेची जबाबदारी होते. तरुण वकिलाचं लिंक्डइन म्हणा किंवा इन्स्टा म्हणा, ते वकील संघच आहे.

स्टायपेंडचं काय झालं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं एक परिपत्रक काढलं. ज्युनिअर वकिलांना शहरी भागात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. हे परिपत्रक येण्याआधी दिल्ली उच्च न्यायालयानं या मागणीवर निर्णय घ्यायला कौन्सिलला सांगितलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयानंही तामिळनाडूत १५ ते २० हजारांच्या किमान स्टायपेंडसाठी मार्गदर्शक सूचना काढायला सांगितलं होतं.

बातमी व्हायरल झाली. ज्युनिअर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे इमोजी पडले. पण 'शिफारस' या शब्दाकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. परिपत्रकात सक्ती नाही.

सीनियर्सची बाजूही ऐकायला हवी. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवणाऱ्या, पक्षकाराकडून फी हप्त्यानं मिळणाऱ्या वकिलाला महिना १५ हजार खरंच परवडणार नाहीत. सक्ती केली तर तो ज्युनिअरच ठेवणार नाही आणि शिकायची जागाच जाईल. 'आम्हीही असेच शिकलो, सरांची बॅग उचलली' हे वाक्य कितीही जुनं झालं, तरी त्यामागची पैशाची अडचण खोटी नाही.

मग पैसे द्यायचे कुणी? काही राज्यांनी सरकारला यात आणलं. आंध्र प्रदेशनं २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिना ५ हजार रुपये देणारी योजना सुरू केली. केरळनं २०१८ मध्ये असाच निर्णय घेतला, पण तो प्रत्यक्षात यायला बराच वेळ लागला. रक्कम मोठी नाही, पण खोलीच्या भाड्याला हातभार लागतो.

तीन वर्षांचा नवा नियम आणि खरी अडचण

इथपर्यंत तुम्हाला वाटेल, हा वकिलांचा आपसातला मामला आहे. आता पुढे बघा.

२० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेला बसायचं असेल तर किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी. हा नियम पूर्वी होता, २००२ मध्ये तो काढला गेला होता. आता तो परत आला. कोर्ट आतून न पाहिलेला माणूस थेट न्यायासनावर बसू नये, हा त्यामागचा हेतू. तीन वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजली जातात आणि वकिली केल्याचं प्रमाणपत्र जिल्ह्याच्या न्यायिक अधिकाऱ्याकडून किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाकडून घ्यावं लागतं. वकिलानं दिलं तर त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर हवी.

आता गणित करा. समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी पुण्यात एलएलबी झाली. वडील शेतकरी. तिला न्यायाधीश व्हायचंय. पूर्वी ती पदवी मिळाल्यावर लगेच परीक्षा देऊ शकत होती. आता मध्ये तीन वर्षं आहेत, म्हणजे ३६ महिने. खोली, मेस, बस, झेरॉक्स मिळून महिना दहा हजार धरले तरी ३ लाख ६० हजार रुपये होतात. त्यात कमाईची हमी शून्य.

तिच्या वर्गातला, वकिलाच्या घरातला मुलगा ही तीन वर्षं बाबांच्या ऑफिसात काढेल. त्याचा यात दोष काहीच नाही. पण तीन वर्षांनी परीक्षेच्या फॉर्मवर तो असेल, ती असेल का?

म्हणून ज्युनिअरचं स्वागत हा फक्त सत्काराचा विषय राहत नाही. तिला काम, थोडे पैसे आणि अनुभवाचं प्रमाणपत्र देणारा सीनियर मिळाला, तर दहा-पंधरा वर्षांनी तुमच्या जमिनीचा किंवा पोटगीचा दावा ऐकणाऱ्या न्यायाधीशाच्या खुर्चीत ती असेल. नाही मिळाला, तर त्या खुर्चीत कायम त्याच त्या घरांतले लोक दिसतील.

निर्णय घेणाऱ्या टेबलावर तरुण का नाहीत?

या अडचणी तरुणांनी मांडायच्या तर कुठे? इथे कायदाच बघण्यासारखा आहे.

दहा हजारांपेक्षा जास्त मतदार असलेल्या राज्य बार कौन्सिलमध्ये २५ निवडून आलेले सदस्य असतात. महाराष्ट्र-गोवा त्यातच येतं. ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३ सांगतं की यातले शक्यतो निम्मे सदस्य किमान दहा वर्षं वकील असलेले हवेत. अनुभवी माणसांची हमी कायद्यानं दिली आहे. पाच वर्षांच्या आतल्या वकिलांसाठी एकही जागा राखीव नाही.

उरलेल्या निम्म्या जागा सगळ्यांना खुल्या आहेत. पण दोन राज्यांतल्या कोर्टांमध्ये फिरून प्रचार करायचा, तर पैसा आणि ओळखी लागतात. त्यात २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं राज्य कौन्सिलच्या निवडणुकीसाठी उमेदवारी अर्जाची फी १ लाख २५ हजार रुपये केली. ज्याला महिन्याला १५ हजार मिळावेत की नाही यावर अजून चर्चा चालू आहे, त्यानं सव्वा लाख भरून उभं राहायचं.

बरं, निवडणूक तरी वेळेवर? कौन्सिलची मुदत पाच वर्षांची असते. महाराष्ट्र-गोव्याची निवडणूक २०१८ मध्ये झाली. २०२३ मध्ये पुढची व्हायला हवी होती, ती झाली नाही. अनेक राज्यांत हीच गत होती आणि शेवटी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून मुदत घालून द्यावी लागली. याचा अर्थ, २०१९ मध्ये सनद घेतलेल्या आपल्याकडच्या वकिलाला २०२५ संपेपर्यंत आपल्या कौन्सिलसाठी एकदाही मत देता आलं नव्हतं.

जागा करता येत नाहीत, असंही नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठेवायला लावल्या. डिसेंबर २०२५ मध्ये राज्य बार कौन्सिलमध्येही महिलांना ३० टक्के प्रतिनिधित्व देण्याचा आदेश आला. म्हणजे ठरवलं तर दार उघडतं. तरुणांसाठी ते अजून कुणी ठोठावलेलं नाही.

'युवा सेल' आहे की! त्याचं काय?

बऱ्याच संघटनांमध्ये तरुणांसाठी एखादी समिती असते. तिच्याकडे कोणती कामं येतात, ते आठवून बघा. क्रिकेट स्पर्धा, रक्तदान शिबिर, स्नेहसंमेलन, दिवाळी फराळ, बॅनरची डिझाइन आणि ग्रुपवर मेसेज फॉरवर्ड करणं.

क्रिकेटला कुणाचा विरोध नाही. चौदा षटकांच्या मॅचमध्ये सीनियर-ज्युनिअर एकत्र आले तर चांगलंच आहे. पण बजेट, टेबलांचं वाटप, वेल्फेअर फंड, नवीन इमारतीत कुणाला चेंबर द्यायचं, हे ठरतं तेव्हा युवा सेलला बोलावणं नसतं. माणसाला खुर्च्या लावायला बोलावलं आणि सभा सुरू झाली की बाहेर थांबायला सांगितलं, तर पुढच्या वेळी तो खुर्च्या लावायलाही येत नाही.

मग सीनियर म्हणतात, 'आजकालच्या पोरांना संघटनेत रस नाही.'

याच वकील संघांची ताकद केवढी आहे, हे कोल्हापूरनं दाखवून दिलंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी कित्येक दशकं लढा दिला. आंदोलनं केली, काम बंद ठेवलं, सरकारं बदलली तरी मागणी सोडली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. मनावर घेतलं तर वकील संघ उच्च न्यायालय दारात आणू शकतात. मग ज्युनिअरच्या पहिल्या तीन वर्षांची सोय लावणं त्यांच्या आवाक्याबाहेर कसं?

बाकीच्या व्यवसायांत काय चालतं?

सीए : इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सच्या नियमांमध्येच आर्टिकलशिप करणाऱ्यांचं किमान स्टायपेंड ठरवलेलं आहे. शहराच्या लोकसंख्येनुसार ते कमी-जास्त होतं. रक्कम फार नाही, यावर सीएची पोरं मीम करत असतात. पण ती नियमात आहे, सरांच्या मर्जीवर नाही. विद्यार्थ्यांची वेगळी संघटनाही आहे. पश्चिम विभागातली 'विकासा' तुम्ही ऐकली असेल.

डॉक्टर : महाराष्ट्रातल्या निवासी डॉक्टरांची 'मार्ड' संपाची हाक देते तेव्हा सरकारला चर्चेला बसावं लागतं. कारण सरकारी कॉलेजांतल्या सगळ्यांना विद्यावेतन देणारं सरकार एकच. ज्युनिअर वकिलांचं तसं नाही. प्रत्येकाचा सीनियर वेगळा आणि पुढे रोज त्याच कोर्टात उभं राहायचंय. एकट्यानं भांडणं महागात पडतं.

इंग्लंड : आपली वकिलीची पद्धत जिथून आली, तिथे नव्या बॅरिस्टरच्या प्रशिक्षणाच्या काळात पैसे देणं २००३ पासून सक्तीचं आहे. तिथल्या बार कौन्सिलमध्ये पहिल्या सात वर्षांतल्या बॅरिस्टर्सची स्वतंत्र समितीही आहे.

तिन्हीकडे दिसतं ते एकच : नव्या माणसाची काळजी सीनियरच्या चांगुलपणावर सोडलेली नाही, ती नियमात लिहिलेली आहे.

मग वकील संघ काय करू शकतात?

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी कायदा बदलायची गरज नाही. एक ठराव पुरेसा आहे.

१. सत्काराच्या आधी सोबत द्या. नव्या वकिलाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी कोर्ट फिरवून दाखवावं. फायलिंग कुठे, नक्कल विभाग कुठे, नाझर कोण, बेलिफाकडे समन्स कसं जातं, पुरसीस कशी देतात. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. सीनियर नसलेल्या मुलांची वेगळी यादी करून त्यांना सीनियर मिळवून देणं, हे तर संघाशिवाय कुणीच करू शकत नाही.

२. मराठी मसुद्यांचे वर्ग घ्या. कॉलेजात कायदा बऱ्याचदा इंग्रजीत शिकलेला असतो आणि तालुका कोर्टात दावा मराठीत लिहायचा असतो. 'वादी-प्रतिवादी'पासून 'सबब विनंती की'पर्यंतची भाषा जुन्या वकिलांच्या बोटांत आहे. ती पुढच्या पिढीकडे द्यायला शनिवारचे दोन तास पुरतात.

३. त्यांच्याकडूनही शिका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांच्या जागी ३५८ कलमं. चाळीस वर्षं '३०२' आणि '४२०' तोंडपाठ असलेला वकील आणि कालचा ज्युनिअर, दोघांनाही नवे आकडे शिकावे लागले. ई-फायलिंगमध्ये तर ज्युनिअरच सरांना शिकवतोय. या विषयांची व्याख्यानं तरुणांना द्यायला सांगा. माईक हातात आला की माणूस संघटनेचा होतो.

४. पैशाचं उघड बोला. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्गणी कमी ठेवता येते. ज्युनिअरला किती देणार आणि कामाचे तास किती, हे आधीच कागदावर लिहायची पद्धत पाडता येते. ज्यांना एकट्याला परवडत नाही, अशा दोन-तीन सीनियर्सनी मिळून एक ज्युनिअर ठेवता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयांत शून्य ते तीन वर्षं अनुभवाच्या वकिलांसाठी मानधनाची पदं असतात. त्यांची जाहिरात बार रूमच्या फळ्यावर लागली तरी कित्येकांना उपयोग होईल.

५. मत असलेली जागा द्या. कार्यकारिणीत पाच वर्षांच्या आतल्या वकिलांसाठी दोन जागा, त्यातली एक महिलेसाठी. निमंत्रित म्हणून नको, मतदानाच्या अधिकारासह.

६. तक्रारीची जागा सांगा. चेंबरमध्ये त्रास झाला तर ज्युनिअर मुलीनं कुणाकडे जायचं? जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकराचं नातं नसल्यामुळे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तिथे तसा लागू होत नाही. गैरवर्तनाची तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली करता येते, पण ती शिस्तभंगाची लांबची प्रक्रिया आहे. त्यामुळे संघानं स्वतःहून एक विश्वासाची समिती नेमणं आणि तिच्या सदस्यांची नावं दारावर लावणं आणखी गरजेचं झालंय.

तुम्ही स्वतः नवे वकील असाल तर?

सगळं संघाकडून होईल, असं धरून चालू नका. काही गोष्टी लगेच करता येतात.

- संघाची घटना, म्हणजे नियमावली, मागून घ्या आणि वाचा. सभासद म्हणून काय मागता येतं ते त्यात असतं. निवडणूक लढवायला किती वर्षांची वकिली लागते, तेही बघा.
- वार्षिक सर्वसाधारण सभेला जा. तिथे हिशेब मांडले जातात आणि प्रश्न विचारता येतात. बहुतेक ज्युनिअर त्या दिवशी येतच नाहीत.
- एकट्यानं तक्रार करण्यापेक्षा दहा जणांच्या सहीनं एक लेखी मागणी द्या. 'स्टायपेंड द्या' ही मागणी सहज टाळता येते. 'कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत ज्युनिअर सभासदांच्या वर्गणीचा विषय घ्या' ही टाळणं अवघड.
- कोणत्या तारखेला, कोणत्या कोर्टात, कोणत्या प्रकरणात हजर होतात याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. तीन वर्षांचा अनुभव दाखवायची वेळ येईल तेव्हा हीच वही कामाला येईल.

आणि तुम्ही वकील नसाल तर?

तुमच्या जिल्ह्यात वकील संघाची निवडणूक लागली की कोर्टाबाहेर बॅनर दिसतील, ओळखीचे वकील स्टेटस ठेवतील. त्यातल्या एखाद्या उमेदवाराला तीन प्रश्न विचारून बघा. गेल्या तीन वर्षांत सभासद झालेल्या नव्या वकिलांपैकी आज किती कोर्टात येतात? त्यातल्या किती जणांना दरमहा ठरलेली रक्कम मिळते? आणि तुमच्या कार्यकारिणीत त्यांचं मत देणारं कुणी आहे का?

पहिल्याच प्रश्नाचा आकडा उमेदवाराकडे नसेल, तर तो काढणं हेच त्याचं निवडून आल्यानंतरचं पहिलं काम असायला हवं. सत्काराच्या फोटोत नावं असतातच. हजेरी घ्यायला तेवढी पुरेत.